दादाच्या बाटल्या

माझा मोठा भाऊ जहाजांवर फिटर होता. सारं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढून तो रिसोडला परत आला, तो कोरोनानंतर. वहिनी त्याआधीच गेली होती आणि मूलबाळ नव्हतं. आमच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्या मी त्याला दिल्या. सामान म्हणून त्याने एक लोखंडी पेटी आणली. ती उघडली तेव्हा माझे यजमान दारातच उभे होते. आत कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या होत्या. काही पाण्यासारख्या पांढऱ्या, काही मधाच्या रंगाच्या, काही काळ्याभोर.

"सगळी रम आहे," दादा म्हणाला. बंदराबंदरातून सुट्टीवर येताना एकेक आणलेली. यजमानांनी बाटल्यांवरून एकदा नजर फिरवली. मार्केट यार्डात धान्याची अडत चालवणारा माणूस, पोतं न उघडता आतला माल ओळखतो. दादालाही आपण ओळखलं असं त्यांना वाटलं.

आमच्या घरात दारू म्हणजे एकच गोष्ट होती. आमचा मामा मोहाच्या दारूने गेला, तेव्हा मी शाळेत जात होते. त्याच्या अंगाला येणारा तो आंबूस वास मला अजून आठवतो. म्हणून मी दादावर लक्ष ठेवायचं ठरवलं.

दुपारचं जेवण झालं की तो खोलीचं दार लावून घ्यायचा. मी वाळवण उलटायच्या निमित्ताने मागच्या अंगणात जायची आणि खिडकीतून बघायची. तो एक बाटली उघडायचा, स्टीलच्या वाटीत थोडी ओतायचा, वाटी नाकाशी धरून डोळे मिटायचा. बराच वेळ तसाच बसायचा. मग नरसाळं लावून सगळी परत बाटलीत ओतायचा आणि दुसरी उघडायचा.

तो पीत असता तर मला समजलं असतं. हे काय चाललं होतं ते समजेना. त्याचे कपडे धुवायला आले की मी शर्ट हुंगून बघायची. साबणाशिवाय कशाचा वास नसायचा. एकदा तो गावात गेला तेव्हा खोलीत शिरून मी बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीने बारीक खुणा केल्या. रम खुणेखाली जाईना. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग विकत असन. पाणी घालून भरून ठेवत असन." मलाही ते खरं वाटू लागलं. दादा संध्याकाळी बसस्टँडकडे चक्कर मारायला निघाला की त्याच्या हातातल्या पिशवीकडे माझी नजर जायची. पिशवीत वांगी निघायची, कधी कोथिंबीर.

मग एक दिवस मी नोकरी करते त्या सकाळच्या शाळेतून घरी आले तर मागून धूर येत होता. धावत गेले. दादाच्या शेगडीवर दूध जळून पातेलं काळं पडलं होतं, खोलीभर करपट वास कोंडला होता, आणि दादा शेगडीकडे पाठ करून शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी गॅस बंद केला तेव्हा त्याने मान वर केली.

"तुले वास नाही आला?" मी विचारलं.

तो पातेल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मले कशाचाच वास येत नाही बाई. कोरोनात गेला तो आलाच नाही."

डॉक्टरांनी त्याला रोज ओळखीचे वास घेत राहा असं सांगितलं होतं. लोकं लवंग घेतात, लिंबू घेतात. दादाच्या आठवणीतले सगळ्यात पक्के वास या बाटल्यांमध्ये होते, म्हणून तो त्या हुंगत होता. पीत काहून नाही, हे मी विचारलंच. "वासाशिवाय पेली तर नुसती आग लागते," तो म्हणाला. "मंग कायले प्यायची?"

माझा विश्वास अर्धाच बसला. पण पातेलं तर माझ्यासमोर होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बोलावलं. तू हुंग आणि मला सांग, म्हणाला. मी पदर नाकाशी धरूनच बसले. पहिली वाटी काळ्या रमची होती. मोहाच्या दारूसारखा वास येईल म्हणून मी श्वास रोखला होता. आला तो कढईच्या तळाला लागलेल्या गुळाचा. तसं सांगितलं तर दादाने मान हलवली. ही मळीची, म्हणाला. साखर काढून झाल्यावर जो काळा पाक उरतो, त्याची. मग कितीतरी वर्षं लाकडी पिपात ठेवलेली.

दुसरीला जास्त पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास होता, थोडा रंगाच्या डब्यासारखाही. दादाने सांगितलं की ती जिथून आणली त्या बेटावर मळी मुद्दाम खूप दिवस आंबवतात आणि तांब्याच्या भट्टीत उतरवतात. तिसरी पांढरी होती. तिला चरकातून नुकत्याच निघालेल्या उसाच्या रसाचा, हिरव्या गवताचा वास येत होता. ही मळीची नाहीच, दादा म्हणाला, ताज्या रसाची.

तो मला फसवतोय असं मला वाटलं. एकाच उसातून इतके वास कसे निघतील? आणि त्याच्या गोष्टी तर त्याहून अवघड होत्या. त्या बेटांवर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं ऊस तोडायची, जी मळी फेकून द्यायचे ती आंबून तिची दारू होते हे तिथेच कळलं, पुढे जहाजांवर खलाशांना रोजची रम ठरलेली असायची. गुलामी उठल्यावर ऊस तोडायला आपल्याकडची माणसं करारावर अंगठे घेऊन नेली. गयानाच्या बंदरात एका म्हाताऱ्याने दादाला भात आणि डाळ खाऊ घातली होती. त्याच्या आज्याचं गाव कुठलं ते त्याला माहीत नव्हतं, एवढंच माहीत होतं की ते भारतात आहे. हे सगळं मी आमच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईंना विचारून आले. त्यांनी गुलामांचं आणि करारावर नेलेल्या मजुरांचं खरं आहे म्हणून सांगितलं. त्या म्हाताऱ्याचं खरं की खोटं, ते कोण सांगणार?

तरी मी रोज जाऊ लागले. पदर नाकाशी धरायचा राहिला. एका रमला भिजल्या गोणपाटाचा वास होता, एकीला सुक्या खोबऱ्याचा. मी सांगायची, दादा डोळे मिटून ऐकायचा.

काही आठवड्यांनी तो म्हणू लागला की त्याला थोडं थोडं येतंय. मी वाटी पुढे केली की "केळं," म्हणायचा, किंवा "गूळ." बरोबर असायचं. मी घरात सांगितलं, यजमानांनाही बरं वाटलं. पण एक गोष्ट मला खटकत होती. बोलण्याआधी तो एकदा बाटलीकडे बघायचा.

एकदा तो पाणी प्यायला उठला तेव्हा मी वाट्या बदलल्या. काळ्या दोन होत्या, रंगाने सारख्या. केळ्याची वाटी गुळाच्या बाटलीपुढे ठेवली. त्याने हुंगली, डोळे मिटले आणि म्हणाला, "गूळ. चांगला रापलेला."

माझी नजर बाटलीकडे गेली. माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं.

"बदलली का तू?"

"व्हय."

तो वाटी खाली ठेवून हात पुसत राहिला. मग म्हणाला, "तू रोज येऊन बसतं. काहीच आलं नाही असं किती दिवस सांगू तुले?"

मला राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की उद्यापासून खोटं बोलायचं नाही. येत नसेल तर नाही म्हण. त्याने मान हलवली.

त्याला वास अजून येत नाही. कोथिंबीर घेताना तो अजून भाजीवालीच्या शब्दावर विश्वास ठेवतो. मागच्या हंगामात एका दुपारी यजमान यार्डातून लवकर परतले आणि माझ्यामागोमाग खोलीत आले. इतके दिवस इथे काय चालतं ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दादाने त्यांच्यापुढेही वाटी ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ हुंगली, एखाद्या संशयास्पद मालासारखी.

"सोयाबीन ओलं रचलं अन् गंजी आतून तापली की असा वास येते," ते शेवटी म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं, थट्टा करताहेत की काय म्हणून. ते करत नव्हते. दादाने डोळे मिटले होते.

"आणखी सांगा, जावईबापू," तो म्हणाला.