डिस्कवरची पाच बोटं

मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. कान्ह्याजवळच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात कामाला होते. सुटे भाग माझ्या टेबलावर यायचे, मी व्हर्नियर लावून त्यांची जाडी मोजायचे आणि केसाएवढा फरक दिसला तरी लाल कार्ड बांधून परत पाठवायचे. कार्डावर तीन ओळी असत: दोष, कारण, जबाबदार. तिसरी ओळ लिहिताना मला जे सुख व्हायचं, ते माहेरी गेल्यावरही व्हायचं नाही.

कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा कसा कोण जाणे माझ्या पिशवीतून घरी आला होता. व्हर्नियर मात्र मी स्वतःचं विकत घेतलं होतं. एकदा सासूबाईंच्या भाकरीची कडेची आणि मधली जाडी मोजून मी त्यांना फरक दाखवला. त्यांनी पुढचे आठ दिवस मला चुलीपुढे बसवलं. माझ्या भाकरीला व्हर्नियर लावायची सोयच नव्हती. तिची कड नेमकी कुठे सुरू होते तेच कळायचं नाही.

नवऱ्याची मोटारसायकल होती. ती मला चालवता येत होती, आणि तीच घेऊन कंपनीच्या बसला मागे टाकत कारखान्याच्या गेटातून आत शिरायचं, एवढंच माझं स्वप्न होतं. नवरा चावी देत नव्हता. मग पावसाळ्यात खड्ड्यात आपटून पुढचं चाक वाकडं झालं, आणि लोणावळ्याहून जुनं चाक आणायची कामगिरी, मापातलं मला कळतं म्हणून, माझ्यावर आली.

मी गेले एक साधं चाक आणायला आणि परत आले शर्यतीची दोन चाकं घेऊन. लोणावळ्याच्या गॅरेजवाल्याने ती भिंतीला टांगली होती. आमच्याच जातीच्या गाडीची, पण हलकी, सोनेरी, मधोमध ब्रेकची चकाकणारी डिस्क. या चाकांनी दक्षिणेत शर्यत मारलीय, असं तो म्हणाला. मारली की नुसती धावली, हे मी विचारलं नाही. रेसवाले पुढच्याच ब्रेकवर खेळतात, पायाच्या ब्रेकला हातही लावत नाहीत, असंही त्याने सांगितलं. पायाच्या ब्रेकला हात कोण लावेल, हेही मला तेव्हा सुचलं नाही. एसटीत एक चाक मांडीवर आणि एक शेजारच्या सीटवर ठेवून मी घरी आले. कंडक्टर दुसऱ्या चाकाचं तिकीट मागत होता.

नवऱ्याने चाकांना एक फेरी मारली आणि मला विचारलं, आपल्याला दूध घालायला जायचंय का शर्यतीला. मी हट्टाला पेटले. शेवटी त्याने अट घातली.

"खंडेनवमीला लोहगडवाडीला जायाचं अन् माघारी यायाचं. तू चालवायची, मी मागं बसनार. मधी कुटं मला खाली उतरावं लागलं न्हाई, तर चावी तुझी. उतरावं लागलं, तर जल्मभर कंपनीची बस."

रेल्वे फाटकाजवळ एका टर्नरची शेड होती. चाक आणि त्याला धरणारा गाडीचा चिमटा यांच्यात दोन्ही बाजूंना थोडी फट राहत होती, ती भरायला लेथवर बुश, म्हणजे लोखंडी कडी, करून हवे होते. त्याने केले. मी व्हर्नियर लावलं आणि लाल कार्ड बांधलं. त्याने पुन्हा केले, मी पुन्हा कार्ड बांधलं. तिसऱ्या वेळी त्याने बुश माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, "वहिनी, गाडी चालवायचीय का इमान उडवायचंय?" मी ते मोठ्या मनाने पास केले.

शर्यतीच्या चाकाला वेग मोजायच्या केबलची जागाच नसते. ती केबल आम्ही सुतळीने वर बांधून टाकली. त्यामुळे गाडी कितीही धावली तरी काटा शून्यावर राहणार होता. मला ते फार मानाचं वाटलं.

खंडेनवमीच्या सकाळी मी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. दरवर्षी आम्ही हेडलाइटवर हळदकुंकू लावतो, पण ते वाऱ्याने उडून जातं. म्हणून त्या वर्षी मी सुधारणा केली: कुंकू गोडेतेलात कालवलं. आणि नव्या चाकाचा मान म्हणून त्यातल्या सगळ्यात देखण्या जागी, त्या चकाकत्या डिस्कवर, दोन्ही अंगांनी पाच-पाच बोटं ओढली. बोटांमधलं अंतर अगदी सारखं होतं. मी मोजलं होतं.

निघालो. नवरा मागे, कडी घट्ट धरून. रस्त्यावर माणसं वळून बघत होती आणि मी मान ताठ ठेवून बघत नसल्यासारखं बघत होते. पुढे फाटक बंद दिसलं. त्याच्या अलीकडे गाड्या थांबलेल्या, आणि कडेला झेंडूचा हारा घेऊन एक मावशी बसलेली. मी रेसवाल्यांसारखा पुढचा ब्रेक दाबला. काही झालं नाही. मुठीत होता नव्हता तेवढा जोर लावला. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी पुढे सरकत राहिली. काट्यावर शून्य, म्हणजे कागदोपत्री मी केव्हाच थांबले होते. पायाचा ब्रेक आठवेपर्यंत पुढचं चाक हाऱ्यात शिरलं आणि डिस्क बुडेस्तोवर झेंडूत जाऊन उभं राहिलं. नवरा उतरला म्हणण्यापेक्षा बाजूच्या गवतात जाऊन बसला.

मावशी उठल्या नाहीत की रागावल्या नाहीत. चाकाकडे बघत त्यांनी विचारलं, "बाई, पूजा घरी न्हाई झाली व्हय?"

त्यांची फुलं गोळा करून दिली, चुरडलेली सगळी विकत घेतली. पण तोंडाने माझं चालूच होतं. बुश चुकलेत, मी सांगत होते, तिसऱ्यांदा पास करायलाच नको होते. नवरा धोतराला लागलेलं गवत झटकत, धोतर नव्हतं ते, इस्त्रीची पँट होती, पण झटकायची ऐट तीच, एवढंच म्हणाला की आपण खाली उतरलेलो आहोत. जन्मभराची कंपनीची बस डोळ्यांपुढे आली. मी गाडी ढकलत टर्नरच्या शेडवर नेली आणि पिशवीतून कार्ड काढलं. 'दोष: ब्रेक लागत नाही' लिहूनही झालं.

टर्नरने बुश बघितलेच नाहीत. डिस्कवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्यापुढे धरलं. बोट लाल होतं.

"वहिनी, ह्ये माज्या लेथवरचं न्हाई. ह्ये तुमच्या देव्हाऱ्यातलं हाय."

 त्याने डिस्क पेट्रोलने पुसली, तेल प्यायलेले ब्रेकपॅड काढून फेकले, दुसरे बसवले. तेवढ्या वेळात कार्डावरच्या दोन ओळी माझ्याकडे बघत होत्या. शेवटी मी लिहिलं. कारण: तेल-कुंकू. जबाबदार: तपासणारी स्वतः. खाली सही केली आणि कार्ड टर्नरला देऊ लागले, तर मधेच नवऱ्याने घेतलं. दोनदा वाचलं.

"इतक्या वर्सांत पयल्यांदा खरं माप घेतलंस," तो म्हणाला. "बस गाडीवर. हितनं पुन्यांदा मोजू."

त्या दिवशी आम्ही लोहगडवाडीला जाऊन आलो. उतारावर मी दोन्ही ब्रेक लावत होते, आणि मागून एकदाही सूचना आली नाही. ते मला जास्त अवघड गेलं. घरी आल्यावर चावी मिळाली, पण नुसती नाही. नवऱ्याने ते लाल कार्ड प्लास्टिकमध्ये घालून आणलं आणि चावी त्याला भोक पाडून बांधली.

गाडी अजून आहे, सोनेरी रंग उडालेली चाकंही आहेत. आता नात ती चालवते. चावी उचलताना ती दर वेळी माझं अक्षर मोठ्याने वाचते आणि विचारते, आजी, ही तपासणारी कोण होती गं? मी सांगते, होती एक, फार शहाणी होती.