जळक्या ब्रेकचा वास

घाटात ट्रक उतरला की जळक्या ब्रेकचा वास येतो अन् मला घाट उतरणारी आगगाडी आठवते. बायको, सरू, वारली. आता सांगू कुणाला?

मी खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा सांधेवाला, दांडा ओढून रूळ बदलणारा. ब्रेक न लागलेली गाडी अडावी म्हणून उतरणीचा रूळ कायम चढावरच्या, पुढं वाट नसलेल्या बंद लाइनीकडं वळवलेला असायचा. गाडी ताब्यात असली की ड्रायव्हर शिटी देई, मग मी सांधा ओढून वाट द्यायची. एकदा दारूत झोपलो. गाडी बंद लाइनीत घुसली, इंजिनात कोळसा टाकणाऱ्या आगवाल्याचा पाय गेला. माझी नोकरी गेली. पुढं चर्चात गुडघे टेकून सगळ्यांदेखत पाप कबूल केलं, दारू सोडली. तिथल्या पाळकांनी साहेबाकडं शब्द टाकला, काम परत मिळालं.

पहिल्याच दिवशी शिटी झाली अन् माझे हात लाकूड झाले. भाकरी घेऊन आलेली सरू मागं उभी होती.

"सरू, मला न्हाई जमायचं."

"अवं, येशूनं माफ केलंय न्हवं? मग वढा की! का आता गाडीनं बी गुडघं टेकायचं?"

ओढला. गाडी धडधडत निघून गेली, तशी सरू मटकन खाली बसली.

"इंजिनावर आपला दावीद हुता," ती म्हणाली. दावीद तिचा धाकटा भाऊ.

तेव्हा वाटलं, देवानं मला वाचवलं. आता कळतं, माझं भ्या वाढू नये म्हणून तिनं स्वतःचं गिळलं होतं. पुढं नोकरी संपेपर्यंत दर गाडीत मला कुणाचा तरी भाऊ दिसायचा.