दादाच्या गाडीला माशाचं तेल

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटते.

आमच्या नरपडला पावसाळ्याआधी थोरल्या दादाची जुनी गाडी झाकून ठेवतात. पोरं म्हणाली, गंज धरू नये म्हणून मेकॅनिक बोलवू. म्हटलं, नखरे कशाला? होडीला लावतो तेच माशाचं तेल खालून-वरून चोपडलं, सीटलाही.

ताडपत्री टाकणार तेवढ्यात वहिनी आल्या. दादा गेल्यापासून गाडी झाकण्याआधी त्या मागच्या सीटवर जरा बसतात. दार उघडलं आणि थांबल्याच.

"भावजी, साठ साली तलासरीहून मी नवरी होऊन याच गाडीतून आले. मला मासळीचा वास येऊ नये म्हणून ह्यांनी सीटवर अत्तर शिंपडलेलं."

बसल्या नाहीत. घरात गेल्या.

दुपारपासून साबणाने सीट घासतोय, वास हटत नाही. कोणाला उपाय माहीत आहे का? वहिनींना हाक मारायचं तोंड नाही मला.