काडीपेटी नव्हती म्हणून

मंडळी, सापगावहून आत्ताच घरी आलेय, पण मन अजून मैत्रिणीच्या गोष्टीतल्या चुलीपाशीच आहे.

वंदना पेशवाईतल्या मुरबाडची गोष्ट लिहितेय. दिवाळी अंकाला उद्या द्यायचीय. आज दुपारी तिने मला ती वाचून दाखवली. दोन जावा भांडतात, चुली वेगळ्या होतात, अबोला धरतात. शेवटी धाकटी रागारागाने काडी ओढून आपली चूल पेटवते.

इथे वंदना थांबली. मोबाईलवर शोधलं, तर पेशवाईत काडीपेटी नव्हतीच!

मी म्हटलं, "राहू दे गं, कोण बघतंय?"

"मला कळलं ना आता? मग नाय ठेवायची," म्हणाली आणि अख्खा शेवट पुसून टाकला. घाम मला फुटला.

मग बराच वेळ ती शोधतच बसली. लोक राखेखाली निखारा जपायचे आणि विझला तर शेजारून विस्तव आणायचे, असं कुणाच्या तरी जुन्या आठवणींत सापडलं. तिने लगेच लिहायला घेतलं.

आता धाकटीचा निखारा विझतो. पोरं भुकेली आहेत. शेजारी घर एकच, जावेचं. ती गोवरी घेऊन दारात उभी राहते.

"जाऊबाई, विस्तव देता का?"

थोरली आधी विचारते, "पोरं जेवली का गो?"

माझे डोळेच भरून आले. मानलं बाई हिला!

लिहिणाऱ्यांनो, खरं सांगा, तुम्ही पुसला असता तो शेवट? मी तर काडी तशीच ठेवली असती. आणि त्या दोघी जन्मभर बोलल्या नसत्या.