थांबामामा

आमच्या ऑफिसात फोन उचलला की लोक ‘हॅलो’ म्हणतात. मामा ‘थांबा’ म्हणायचे. पलीकडचा माणूस आरडाओरडा करायला तोंड उघडतोय तोच ह्यांचं ‘थांबा’ कानावर आदळायचं, आणि मग सावकाश, ‘हं, आता बोला.’ त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळ्यांचे ते थांबामामा. माझ्याहून जेमतेम पाच वर्षांनी मोठे, पण चाळिशीतच केस पांढरे आणि चाल अशी की पाठीमागून येणाऱ्याची चिडचिड व्हावी.

सोलापुरात होटगी रस्त्याला आमची छोटी कंपनी आहे. साखर कारखान्यांच्या आकड्यांचे अहवाल आम्ही करतो. ऊस किती गाळला, साखरेचा उतारा किती पडला, कुठल्या गटातून किती गाड्या आल्या. हंगामात सकाळी पाळी बदलली की सगळ्या कारखान्यांतले साहेब एकदमच अहवाल उघडतात आणि आमचे सर्व्हर धापा टाकायला लागतात. त्या सर्व्हरांचं सगळं मामांकडे. अहवाल उघडायला वेळ लागला की पडद्यावर नुसतं चाक गरगरत राहायचं. मामांनी ते काढून तिथे लिहिलं, ‘थांबा. तुमच्या पुढे इतके जण आहेत.’ आकडा खरा असायचा. आमचे साहेब हसले, म्हणाले, ही काय रेशनची रांग आहे का? पण तक्रारीचे फोन निम्म्यावर आले.

‘थांबायला माणूस भीत न्हाय, ताई,’ मामा मला म्हणाले. ‘आपण हितं हाय हे कुणाला ठावंच न्हाय, ह्याला भितंय.’

नव्या पोरांना ते गावजेवणाचा दाखला द्यायचे. डेटाबेसपर्यंत जायच्या वाटा मोजक्याच उघडून ठेवलेल्या असतात; प्रोग्रामने त्यातली एक घ्यायची, काम उरकायचं आणि परत करायची. कुणी परत करायला विसरलं की हळूहळू सगळ्या वाटा अडतात आणि सर्व्हर ठणठणीत असूनही कुणालाच काही मिळत नाही. मामा म्हणायचे, ‘पंगतीत पळ्या मोजक्याच असत्यात. वाढलं की पळी बादलीत. खिशात घालून घरी गेलासा तर मागची पंगत उपाशी बसंल की.’ ज्याने पळी खिशात घातली असेल त्याला ते रागवत नसत. शेजारी खुर्ची ओढून बसत, चूक सापडेपर्यंत.

त्यांचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला. हंगाम संपला होता, दोन सर्व्हरांपैकी एकावर कामच नव्हतं. साहेबांना तो बंद करायचा होता. मामा ताडकन उठले. ‘रिकामं दिसतंय म्हणून काढू नका. त्ये रिकामं हाय म्हणून दुसरं निवांत चालतंय. जोडीला काय नसलं तर चालू हाय असं म्हणायचंच न्हाय!’ साहेबांनी माघार घेतली. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. आता त्या वाक्याची आठवण आली की अंगावर काटा येतो.

कारण पुढच्याच वर्षी मामांच्या दोन्ही किडन्या गेल्या.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस करून ते दुपारी ऑफिसात येत. तोंड राखेसारखं झालेलं. माझ्या डब्यातली शेंगाचटणी त्यांना फार आवडायची; ती बंद झाली. मी डबा झाकायला गेले तर म्हणाले, ‘उघडा ठेवा वो, वास तरी घेऊ द्या.’ डायलिसिसच्या मशीनचं मात्र कौतुक करायचे. मशीन थोडी, माणसं जास्त, तरी एकाचं झालं की धुऊन पुसून दुसऱ्याला. कुणा मृत माणसाची किडनी मिळाली की दवाखान्यातून फोन येतो, त्या यादीत त्यांनी नाव नोंदवलं होतं. फोन सतत हाताशी. आपला नंबर कधी लागेल हे सांगणं कुणाच्याच हातात नव्हतं. ‘हितं आकडा दिसत न्हाय,’ एवढंच ते एकदा बोलले, आणि पुन्हा कामाला लागले.

लग्न केलेलं नव्हतं, आईवडील नव्हते. धाकटी बहीण सुमन केम गावात दिलेली, शेतात राबणारी, पदरात दोन लहान मुलं. ती एक दिवस गाडीने आली आणि सरळ म्हणाली, माझी घ्या. नवराही कबूल होता. रक्तगट जुळत होता. डॉक्टर म्हणाले, पुढच्या तपासण्या करू. आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात पेढे वाटले.

मामांनी नाही म्हटलं.

‘आज तिचं दुसरं रिकामं हाय,’ ते मला म्हणाले. ‘उद्या पैल्याला काय झालं तर? जोडीला काय ऱ्हातंय? बारकी पोरं हायत तिला.’

डॉक्टरांनी समजावलं, एका किडनीवर माणूस नीट जगतो. मी समजावलं, भांडले. शेवटी ओरडलेच, ‘मामा, ती सर्व्हर नाही, बाई आहे!’

‘म्हणून तर,’ मामा म्हणाले.

आयुष्यभर ज्या एका नियमाने हा माणूस वागला, तो नियम त्याने आपल्याच जिवाला लावला, आणि तिथे तो लागू नव्हता. हे त्यांना कुणीच पटवू शकलं नाही. पावसाळा सरता सरता ते गेले. फोन काही आला नव्हता.

सुमन त्यांचं सामान न्यायला ऑफिसात आली. सामान तरी काय, एक चष्मा, एक डबा आणि सर्व्हरच्या थंड खोलीत घालायचा स्वेटर. स्वेटर मांडीवर घेऊन ती मामांच्या खुर्चीवर बसली.

‘ताई, एकावर माणूस जगत न्हाय का वो?’

‘जगतो,’ मी म्हणाले. ‘चांगला जगतो.’

‘मग दादाला कुणी सांगितलं न्हाय व्हय?’

‘डॉक्टरांनी सांगितलं. मीही सांगितलं.’

तिने स्वेटरची घडी मोडली, पुन्हा घातली.

‘माजं व्हतं की त्ये,’ ती म्हणाली. ‘द्यायचं का न्हाय, हे मी ठरवायचं. त्यानं कसं काय ठरवलं?’

मी तिला स्टेशनवर सोडलं. गाडी हलली, ती दिसेनाशी झाली, आणि मला मामांचा असा राग आला की फलाटावर उभी राहून मी मोठ्याने रडले.