मालुबाईनं उपटलेलं कुंपण

जांबोटीच्या अलीकडं, जंगलाला चिकटून मालुबाईचं भाताचं शेत हाय. सुगी झाली की ती बांधावर बसून जागेपणीच स्वप्नं बघते, खरंच! डोळे उघडे, मांडीवर काठी आडवी, आणि बाई भलतीकडंच कुठंतरी. धुकं उठायला लागलं की तिला वाटतं शेतंच जमिनीवरनं सुटून वर चाललीत, त्यांच्याबरोबर म्हशी, गाया, बगळे, सगळंच हळूहळू वर.

त्या दिवसांत शेत कुणाचं ते कळतच नाही. पेरणीच्या आधी जो तो कळकाचं नायतर काटेरी फांद्यांचं कुंपण बांधतो, आणि कापणी झाली की सगळे ते काढून चुलीला घालतात. मग अख्ख्या गावाची गुरं कुणाच्याही शेतात चरतात. लग्न होऊन आली त्या पहिल्याच थंडीत मालुबाईनं हे बघितलं, आणि तिला वाटलं, पोटभर जेवून जमीन आता पाय पसरून झोपली!

पारूबाई तिला तिथंच भेटली, त्याच बांधावर. पारूबाईला गुंठाभर जमीन न्हाय, पण दोन म्हशी, आणि त्या म्हशी उन्हाळ्यापर्यंत जगतात त्या या मोकळ्या चराईवरच. दोघींनी एकमेकींच्या सासवा, बाळंतपणं, दुखणी सगळं त्या बांधावरच ऐकलं. पारूबाईनं मजुरी करून पोरीला शिकवली. ती उपासना आता निपाणीत वकील हाय.

गेल्या वर्षी रानातनं गवे आले आणि उभं भात लोळवून गेले. मालुबाईचा महादेव अनगोळात राहतो, कारखान्यात कामाला हाय. आईचं रडणं फोनवर ऐकलं आणि पेटलाच तो! यंदा पेरणीच्या आधी येऊन झटक्याच्या तारेचं कुंपणच घातलं. नियमानं हां, घरची लाईन जोडली न्हाय, ती जोडली तर माणूस मरतो आणि गुन्हा होतो. सोलरची बॅटरी, नुसता थांबून थांबून बसणारा झटका. मराठी-कन्नड दोन्हीत धोक्याच्या पाट्या. खांब सिमेंटात. गवा आला, नाक लावलं, शेपूट वर करून पळाला. भात मस्त आलं.

पण ते कुंपण बघून बाकीचेबी तारेचं बोलायला लागले. उपासना म्हणाली, “आये, सगळ्यांनी तारा घातल्या की तुझ्या म्हशी काय खाणार? विक, आन् चल निपाणीला.” पारूबाईचं तोंड पार उतरलं. मालुबाईला कळंनाच यात रडण्यासारखं काय ते. सुगी झाल्यावरबी कुंपण उभं राहतं हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. “थांब की गं सुगीपर्यंत,” ती म्हणाली.

आणि कापणी झाल्यावर तिनं झटक्याचं मशीन बंद केलं, पहार घेतली, पारूला हाक मारली, आणि दोघींनी सगळं कुंपण उपटलं! दरवर्षीसारखं.

महादेव गाडीवरनं उतरला तर शेत मोकळं, आत गावाची गुरं. उपासनाबी त्याच दिवशी आलती, आईला न्यायला.

“आई! कुंपण कुठाय?”

“गोठ्यात. गुंडाळून ठेवलंय की.”

“अगं सिमेंटात बसवल्यालं ते!”

“व्हय रं, लई घट्ट बसवलंतास. पारूची कंबर धरली.”

“ए, माझ्यावर ढकलू नगस,” पारूबाई म्हणाली. “वड म्हणलीस, वडलं.”

महादेवनं कपाळावर हात मारला. “उद्या परत बसवतो. दुप्पट खोल!”

तेव्हा कुठं मालुबाईला समजलं. धुकं, म्हशी, तरंगणारी शेतं, सगळं धपकन खाली आलं. पारू जाणार. या बांधावर ती एकटीच बसणार.

“तू वकील हाईस न्हवं?” महादेव उपासनाकडं वळला. “सांग, माझं कुंपण कायद्यात बसतंय का न्हाय?”

 निपाणीत उपासनानं आईसाठी खोली रिकामी केलती, खिडकीजवळ खाट टाकलती. नुसतं ‘बसतंय’ म्हणाली असती तर आई आजच गाडीत बसली असती. मालुबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

“बॅटरी बरोबर, पाट्या बरोबर,” उपासना हळू म्हणाली. पारूबाई म्हशीच्या शिंगांमधी खाजवत उभी होती. उपासनानं तिच्याकडं बघितलं. “पण अण्णा, खालची वाट तू तारेत घेतलीस. माझ्या जन्माआधीपासनं माणसं, गुरं तिथनं जात्यात. वहिवाटीची वाट अडवता येत न्हाय. तिथं फाटक पायजे, आन् ते उघडायला पायजे.”

“आन् चराई?”

“ते कायद्याला नगं, तुझ्या आईला इचार.”

महादेवनं आईकडं बघितलं.  “खांब परत बसव, ते राहू देत,” ती म्हणाली. “तार पेरणीला लाव, सुगीला काढ. मी गुंडाळते.”

“दरवर्षी?”

“भात दरवर्षी येतंय की रं.”

त्याला हसूच आलं. चिडलेला होता, तरी. “फाटक मोठं करतो मग,” म्हणाला, “म्हशी जाड हाईत मावशीच्या.”

“तुझ्या बायकूपरीस बारीक हाईत!” पारूबाई फटकन म्हणाली, आणि मग पदरात तोंड घालून रडायलाच लागली.

उपासनानं डोळे पुसले. “आये, उन्हाळ्यात तरी ये चार दिवस,” ती म्हणाली, आणि एकदम ओरडली, “अगं तुझी म्हस ओढ्याला उतरली बघ!” आणि कोर्टातल्या त्या चांगल्या चपला घालूनच, साडी वर खोचून, मालुबाईची काठी हिसकावून पळत सुटली.