वरचं कुंड

आमचं गाव गरम पाण्यापायी वसलं. पूर्वी बैलांवर मीठ आणि धान्य लादून जाणारे बंजाऱ्यांचे तांडे या झऱ्यांशी थांबत, बैलांच्या सोललेल्या पाठी इथे शेकत. मग कोणीतरी झऱ्यावर कुंड बांधलं, कुंडाशी देव बसवला, देवामागे गुरव आला, गुरवामागे कुणबी, तेली, दुकानदार. आमची वस्ती सगळ्यांच्या खाली, कुंडातलं पाणी ज्या पाटाने बाहेर पडतं त्या पाटाशी. सगळ्या गावाची खरूज धुऊन आलेलं पाणी आमच्या वाट्याला, आणि त्याने म्हणे आमची खरूज बरी व्हायची.

छप्पन साली वस्तीने धम्म स्वीकारला. माझ्या सासूने देव्हारा रिकामा केला आणि पाटावर जाणंही बंद केलं. देवाचं पाणी नको म्हणजे नको. पुढे दोन-तीन वर्षांनी माझ्या लहानग्या मुलीला खरूज झाली. नवरा राजूरच्या खाणीवर. कडुलिंब झाला, बाभुळगावच्या डॉक्टरचं मलम झालं. तरी बोटांच्या बेचक्यांत पू, अंगात ताप. पोर हातची जाते की काय, ही धास्ती लागली.

एका दुपारी सासूची नजर चुकवून मी तिला घेऊन पाटाकडे निघाले. सासू मागोमाग आलीच. आता माझी खैर नाही असं वाटलं.

"कुठी चालली?"

"पाटावर. पोरीकडे पाहवत नाही मले."

"पाटावर कायले? जायचं त वर जाऊ. पाणी जमिनीतून येते. गुरवानं काही खाली चूल नाही पेटवली."

आम्ही वर कुंडाशी गेलो. गुरव अंगाऱ्याची वाटी घेऊन पायरीवर उभा. आधी अंगारा, मग पाणी, ही तिथली रीत. आमच्यासाठी दोन्ही नाही. सासू त्याला म्हणाली, "आमी देवापाशी नाही आलो, पाण्यापाशी आलो," आणि मुलीला घेऊन उतरली. मीही उतरले. बाकीचे निथळत बाहेर पडले. 

दुसऱ्या दिवशी गेलो तर कुंड उपसून घासून काढलेलं, काठावर गोमूत्र शिंपडलेलं. झऱ्याने ते पुन्हा भरत आणलं होतं. सासूने हात घालून पाहिला.

"ताजं हाय," ती म्हणाली. "आण तिले."

मला हसूही येत होतं आणि भीतीही वाटत होती. आज काठ्या निघतील, उद्या घर पेटेल, असं रोज वाटायचं. नवऱ्याला कळवायचं धाडस झालं नाही.

पण उपसणारे तरी किती उपसणार? कुंड भरेपर्यंत परगावचे लोक ताटकळत, कुरकुरत. शेवटी उपसणं थांबलं. आम्ही पाण्यात असेपर्यंत गाव लांब उभं राही, एवढंच. मुलीच्या अंगावर खपली धरू लागली होती, तेव्हा एक कुणब्याची सून कडेवर पोर घेऊन काठाशी आली. त्याच्या बोटांत तसाच पू. तिने आमच्याकडे पाहिलं, मागे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं, आणि समोरच्या बाजूने एक पायरी उतरली.

मी मान वर केली नाही. नजरेला नजर मिळाली तर ती परत फिरेल, अशी भीती वाटत होती.